कोण मोजतंय ओ?

(दृश्य: विडी घरकुल, सोलापुरातली विडी कामगारांची वसाहत, सकाळ. मांडीवर सूप, सुपात ओलसर तेंदूपानं. कात्रीचा आवाज.)

पान कापलं, तंबाखू भरली, वळलं, दोरा गुंडाळला. दुपारपर्यंत किती झाल्या विचारलं तर मावशी हात न थांबवता सांगतात, "साडेचारशे." दिवसाला हजार विड्या वळायच्या आणि विडी कारखान्याच्या ब्रँचवर नेऊन द्यायच्या. तिथं त्या मोजून घेतात, वाकड्यातिकड्या बाजूला काढतात. सोलापुरात हजारो घरांची चूल या मोजणीवर पेटते.

आम्ही मात्र दुसरंच विचारायला आलो होतो. पाळीत अंगावरून किती जातं?

मावशींनी आधी सुनेकडे बघितलं, मग हसल्या. "जास्त जातंय की. दोन दिवस उठवत नाही बघा. पण किती म्हणून कोण मोजतंय ओ?"

(दृश्य: टपरी. काचेच्या ग्लासात चहा ओतला जातो.)

मोजलंय. १९६६ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात ४७६ स्त्रियांच्या पाळीचं रक्त प्रयोगशाळेत मोजलं गेलं. वापरलेले पॅड गोळा करायचे आणि त्यातलं रक्त रसायनानं बाहेर काढायचं, असा तो उद्योग. एका पाळीत साधारण ३०-४० मिलिलिटर जातं, आणि ८० च्या वर गेलं की अंगात रक्त कमी पडायला लागतं, असं त्यातून दिसलं. आता बाईला किती त्रास होतो हेही डॉक्टर विचारात घेतात, तरी अभ्यासात ८० चा आकडा अजून टिकून आहे.

८० मिलिलिटर म्हणजे हा कटिंगचा ग्लास, जवळजवळ भरून.

एवढ्या रक्ताबरोबर साधारण ४० मिलिग्रॅम लोह जातं. रोजच्या जेवणातून शरीराला मिळतं ते एक-दोन मिलिग्रॅम. त्यात भाकरी-शेंगाचटणीवर लगेच चहा घेतला तर तेही घटतं, कारण चहातलं टॅनिन लोहाला अडवून धरतं. आणि सोलापुरात जेवणावरच्या चहाला नाही कोण म्हणतं? मावशींना जिना चढताना दम लागतो. वय झालं, म्हणतात. त्या बेचाळीसच्या आहेत.

प्रत्येकीचे पॅड प्रयोगशाळेत कोण नेणार? म्हणून १९९० मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी चित्रांचा तक्ता काढला. पॅडवर थोडासा डाग, १ गुण. बऱ्यापैकी भिजलं, ५. पूर्ण भिजलं, २०. गाठी पडल्या तर त्या नाण्याच्या मापानं. बेरीज १०० वर गेली तर रक्तस्राव जास्त. सोपं आहे. फक्त त्या चित्रांत जुन्या सुती साडीची घडी कुठंच नाही, आणि मावशी तीच वापरतात.

पॅडचं तरी काय? जाहिरातीत निळं पाणी ओततात हे आपण पाहतोच. पण चाचण्यांतही वर्षानुवर्षं पाणी नाहीतर मिठाचं पाणीच ओतत आले. बाजारातली २१ साधनं माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी वापरून तपासणारा अमेरिकेतला अभ्यास छापून आला तो २०२३ मध्ये! टॉवेल किती पाणी पितो हे ज्या गावात कारखान्यातलं पोरगंही सांगेल, त्या गावात बसून हे वाचलं. आधी गंमत वाटली, मग राग आला.

(दृश्य: उसाची मोळी डोक्यावर घेतलेली बाई. ट्रॅक्टर.)

आपल्याकडे गावात जाऊन हा विषय उघडला डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी. गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या, तर ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली. ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली. बीडच्या टोळ्या हंगामात आपल्या कारखान्यांवरही येतात. मावशींनाही कुणीतरी सुचवलंच होतं, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." आधी रक्त तपासून घे, असं मात्र कुणी सुचवलं नव्हतं.

(दृश्य: भिंतीवरचं कालनिर्णय, अगदी जवळून.)

इंग्लंडचा तक्ता मावशींना दाखवला. "हे पॅडवाल्यांचं आहे," म्हणून त्यांनी तो सुनेकडे सरकवला. मग दुधाच्या आकड्यांशेजारी आपली मोजणी लावली. घडी भिजून बदलली की एक रेघ, गाठ पडली की फुली.

पहिल्या दिवशी तीन रेघा. दुसऱ्या दिवशी नऊ, आणि दोन फुल्या. तिसऱ्या दिवशी आठ.

महिना संपल्यावर त्यांनी ते पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवलं. "उद्या ब्रँचला माल देऊन तशीच सिव्हिलला जाते. त्यांना म्हणावं, घ्या मोजून."

(दृश्य: सूप पुन्हा मांडीवर. कात्रीचा आवाज.)