पोलिश माणसाचं इंग्रजी कुठे अडतं

(दृश्य: काळ्या पडद्यावर एक वाक्य उमटतं.)

'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.'

पोलंडमधल्या इंग्रजीच्या शिक्षकाला हे वाक्य दाखवा. तो म्हणेल, हे आमच्याच मुलांचं. साताऱ्यातल्या शिक्षकाला दाखवा, तोही तेच म्हणेल. लाल पेनानं दुरुस्त करून वही परत दिली, तरी थोड्या दिवसांनी हे वाक्य पुन्हा हजर असतं. मुलं निष्काळजी आहेत म्हणून नव्हे. पोलिश भाषेच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, आणि तो हिशेब कळल्याशिवाय चूक काही हलत नाही.

पोलिशमध्ये हे वाक्य असं आहे: 'म्येश्काम तू ओद प्येंचू लात.' म्येश्काम म्हणजे राहतो. साधा वर्तमानकाळ. ओद म्हणजे पासून. आपणही 'पाच वर्षांपासून इथे राहतो' असंच म्हणतो. राहणं अजून चालू आहे ना, मग वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला तो पुरत नाही. मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलेली गोष्ट सांगायला तिथे पूर्ण वर्तमानकाळ लागतो: 'आय हॅव लिव्हड हिअर.'

पुढची अडचण ओदची. हा शब्द एकच, आणि इंग्रजीत त्याची दोन कामं दोघांना वाटून दिलेली. कधीपासून हे सांगायचं तर 'सिन्स', किती काळ हे सांगायचं तर 'फॉर'. शिकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येतं का? 2004 दाखवता येतं, म्हणून 'सिन्स 2004'. 'पाच वर्षं' यावर बोट ठेवता येत नाही, म्हणून 'फॉर फाइव्ह इयर्स'. नियम पाठ करून घेण्यापेक्षा हा प्रश्न जास्त टिकतो.

(दृश्य: क्राकूवमधली शाळा. फळ्यावर इंग्रजी वाक्यं.)

1989 पर्यंत पोलंडच्या शाळांमध्ये रशियन सक्तीची होती. साम्यवादी राजवट गेली, सक्ती उठली आणि सगळ्यांनाच इंग्रजी हवं झालं. शिकवायला पुरेसे शिक्षक नव्हते. 1990 पासून त्यासाठी नवी शिक्षक महाविद्यालयं काढावी लागली. मग 1 मे 2004 रोजी पोलंड युरोपीय संघात आला. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडननं नोकऱ्यांची दारं लगेच उघडली. लाखो पोलिश माणसं शाळेतलं इंग्रजी घेऊन कामाला गेली. 2011 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये इंग्रजीखालोखाल सर्वाधिक लोकांची मुख्य भाषा पोलिश निघाली: सुमारे 5 लाख 46 हजार लोकांची.

त्यांच्या आधीही एक पिढी ब्रिटनमध्ये स्थिरावली होती, आणि तिचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे 5,000 माणसं राहिली. मुलांसाठी पोलिश शाळा होत्या. छावणी उठल्यावर त्यातले अनेक जण ब्रिटनला गेले. पोलिश वाक्याच्या सवयी घेऊन इंग्रजीत राहणं म्हणजे काय, हे त्यांनी 2004 च्या कितीतरी आधी अनुभवलं.

(दृश्य: बाग, गवतात मांजर.)

आता सगळ्यात चिवट चूक. 'आय हॅव कॅट.' पोलिशमध्ये अ, ॲन, द यांसारखी उपपदं नाहीतच. वीस-वीस वर्षं लंडनमध्ये काढलेल्या, अस्खलित बोलणाऱ्या माणसाचंही उपपद निसटतं. त्यावरून त्याच्या बुद्धीचा अंदाज बांधणारे भेटतात, आणि हा सरळ अन्याय आहे. कारण उपपद जे काम करतं, ते पोलिश माणूस रोज करतोच, फक्त वेगळ्या मार्गानं.

ऐका. 'कोत येस्त व ओग्रोज्ये.' मांजर बागेत आहे. कुठलं मांजर? आपलं, ज्याला आपण शोधत होतो ते. आता शब्द फिरवा. 'व ओग्रोज्ये येस्त कोत.' बागेत मांजर आहे. हे कुठलं तरी मांजर, आत्ताच दिसलेलं. मराठीतही नेमका हाच फरक पडतो, आणि तोही केवळ शब्दांच्या जागेमुळे. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेली गोष्ट आधी येते, नवी गोष्ट शेवटाकडे जाते. इंग्रजीत पहिल्या वाक्याला 'द कॅट' लागतं, दुसऱ्याला 'अ कॅट'.

म्हणून 'इथे द राहिलं' एवढंच समासात लिहून भागत नाही. वाक्य आधी पोलिशमध्ये म्हणायला लावावं. मांजर कुठे आलं, सुरुवातीला की शेवटी? सुरुवातीला आलं तर बहुतेक वेळा 'द', शेवटी आलं तर बहुतेक वेळा 'अ'. प्रत्येक वाक्याला हे लागू पडत नाही. पण ज्याला उपपद म्हणजे नुसता परकीय त्रास वाटत होता, त्याला पहिल्यांदाच कळतं की हा फरक आपल्या ओळखीचा आहे.

'इज कोल्ड.' इथे 'इट' गेलं कुठे? पोलिशमध्ये 'येस्त झिम्नो' एवढं पुरतं, जसं आपल्याला 'गार आहे' पुरतं. इंग्रजी वाक्याला मात्र कर्ता हवाच, नुसता नावाला का होईना.

'आय डोन्ट नो नथिंग.' पोलिशमध्ये 'काहीच' म्हणताना क्रियापदालाही नकार द्यावाच लागतो. दोन नकार तिथे एकमेकांना खोडत नाहीत. प्रमाण इंग्रजी एकच नकार मानतं. ही चूक लवकर जाते. पुस्तकाला 'शी' म्हणणं तर त्याहून लवकर. पोलिशमध्ये पुस्तक स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे नवशिका तसं म्हणणारच.

पण ओदकडे परत यायला हवं, कारण तो आणखी एका ठिकाणी अडवतो. 'इट डिपेंड्स फ्रॉम द वेदर.' अवलंबून असणं पोलिशमध्ये ओद घेऊन येतं, आणि ओदचा 'कडून, पासून' हा अर्थ धरून इंग्रजीत 'फ्रॉम' येतो. मराठी माणूस इथे चुकत नाही. आपण 'हवामानावर अवलंबून' म्हणतो, वर म्हणजे 'ऑन', आणि इंग्रजीलाही 'ऑन'च हवं असतं. आपलं व्याकरण इथे जास्त पक्कं आहे असं नाही, आपला प्रत्यय योगायोगानं जुळला. अशा जोड्या क्रियापदासकट एका दमात शिकवाव्यात. एकट्या 'फ्रॉम'चा अर्थ समजावून उपयोग होत नाही.

(दृश्य: व्हिस्टुला नदी, मागे वावेलचा किल्ला. मग ताट्राचे कडे.)

आणि काही ठिकाणी कारण शोधूनही हाती लागत नाही. व्हिस्टुला नदीला 'द' लागतं, तिच्या काठच्या क्राकूवला लागत नाही. ताट्रा पर्वतरांगेला लागतं, त्याच रांगेतल्या रिसी शिखराला नाही. इथे पोलिशमधल्या शब्दांच्या जागा काहीच सांगत नाहीत. नद्या आणि पर्वतरांगांना 'द', शहरांना आणि एकेकट्या शिखरांना सहसा नाही, हे पाठच करावं लागतं. वर्गात ते तसंच सांगावं, आणि त्यासाठी नकाशा घेऊन बसावं.