वहीतला शनी

नमस्कार श्रोतेहो. आज महागड्या छंदाबद्दल बोलायचंय, म्हणजे छंदाबद्दल कमी आणि त्याच्यासाठी पगारातून पैसे कसे उभे करायचे त्याबद्दल जास्त. माझा छंद दुर्बिणीचा. तुमचा कॅमेऱ्याचा असेल, सायकलचा असेल, कोणाला मिरजेहून तंबोरा आणायचा असेल. गणित सगळ्यांचं एकच.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. छंदाचे पैसे वेगळे काढा, पगार झाल्या झाल्या काढा, आणि घरात सांगून काढा. परत सांगतो, वेगळे, आधी, आणि सांगून.

मी हे तिन्ही आधी चुकवलं होतं. 2017 मध्ये एका मॉलमध्ये दुर्बीण दिसली, खोक्यावर मोठ्ठं छापलेलं 525 पट, 9,000 रुपये, घरी न सांगता क्रेडिट कार्डवर घेतली आणि दर महिन्याला नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरत बसलो. आता कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला 40 च्या वर जातं. आणि ते 525 सुद्धा खोटं. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा, साधारण तेवढंच मॅग्निफिकेशन कामाचं, 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 120, बस. पोरांच्या वाढदिवसाला अशी दुर्बीण घेऊ नका हो, पोराला धूसर ठिपका दिसतो आणि त्याला वाटतं आकाशातच काही बघण्यासारखं नाही, याचा मला फार राग येतो.

मग कर्जत लोकल पकडून वांगणीला गेलो, खगोल मंडळाच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला. तिथे मोठ्या दुर्बिणीतून शनी पाहिला. कड्यासकट, कोरून ठेवल्यासारखा. पहाटेच्या गाडीने परत येताना ठरवून टाकलं, 8 इंची डॉबसोनियन, म्हणजे 8 इंच आरशाची, साध्या बैठकीवर फिरणारी दुर्बीण घ्यायची.

किंमत 60,000 च्या घरात. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, कार्डाच्या बिलासकट. ती दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली आधी ते कार्ड संपव, मग बघू. कार्ड संपायला आठ महिने लागले. त्यानंतर नोव्हेंबर 2018 पासून 2,500 ची आरडी लावली, 24 महिन्यांची, पगार 1 तारखेला आणि हप्ता 2 तारखेला आपोआप कट. 24 महिने का, तर 21 डिसेंबर 2020 ला गुरू आणि शनी आकाशात अगदी चिकटून दिसणार हे आधीपासून माहीत होतं, 1623 नंतर इतके जवळ आलेच नव्हते. त्याच्या आत दुर्बीण घरात पाहिजे होती.

तर आमच्याकडे हिशेबाची वही बायको लिहिते. दूध, किराणा, गॅस, शाळेची व्हॅन, आणि खाली एक ओळ, शनी 2,500. दर महिन्याला, शनी 2,500.

आईने ती वही वाचली. आईला दुर्बिणीचं कोणी सांगितलंच नव्हतं, ती तेव्हा भावाकडे होती, नंतर आमच्याकडे भांडुपला आली. तिला वाटलं मला साडेसाती लागलीय, कोणीतरी उपाय सांगितलाय आणि मी महिन्याला अडीच हजार त्यात घालतोय. ती मला काही बोलली नाही. दर शनिवारी नाक्यावरच्या मारुतीला जायला लागली, तेलाची छोटी बाटली आणि रुईच्या पानांचा हार, पेन्शनमधून. मला वाटायचं तिचा नेहमीचा शनिवार असेल. मग लॉकडाऊन लागला, देवळं बंद झाली, तरी बाई दर शनिवारी 50 रुपये डाळीच्या डब्यात टाकत राहिली, देऊळ उघडलं की एकदम वाहायचे म्हणून.

त्या एप्रिलमध्ये ऑफिसने पगार निम्मा केला. आरडी मोडली नाही, कारण सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत वेगळा होता. हे नीट ऐका, आधी तो पैसा, विमा, पोरांची फी, आणि त्याच्यानंतर छंद. लोकल बंद, त्यामुळे पास आणि स्टेशनबाहेरचा वडापाव-चहा यांचे पैसे वाचत होते, तेही एका पाकिटात जात होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुर्बीण आली. 21 तारखेला संध्याकाळी गच्चीवर नेली, अख्खी बिल्डिंग मास्क लावून रांगेत. नैर्ऋत्येला, सूर्य बुडाल्यावर, एकाच नजरेत गुरू, त्याचे चंद्र ओळीने, आणि शेजारी शनी. समोरच्या टॉवरने फ्लडलाइट लावलेले, मुंबईत रात्र म्हणून काही शिल्लक ठेवायचीच नाही असं ठरवलंय बिल्डरांनी, तरीसुद्धा दिसला. आईला स्टुलावर बसवली, चष्मा काढला. म्हटलं, आई, हा शनी. ती एकदम मागे सरली. मग परत डोळा लावला आणि बराच वेळ हललीच नाही. मागची रांग गप्प. शेवटी विचारलं, "अरे, ते महिन्याचे अडीच हजार याच्यासाठी होते?"

मग तिने डाळीच्या डब्याचं सांगितलं.

आता वेळ कमी राहिलाय, बाकीचं भरभर सांगतो. नो कॉस्ट ईएमआय म्हटलं की दुकानदाराला रोख किंमत विचारा, बऱ्याचदा व्याज तिथेच लपलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावर 18 टक्के जीएसटी. वस्तूच्या किमतीवर अजून चौथा हिस्सा धरा, सोबतच्या सामानाला आणि ने-आणीला, माझी दुर्बीण सव्वा मीटर लांब आहे, ती लोकलमध्ये चढत नाही. सुरुवात छोटी करा, 10 बाय 50 च्या, म्हणजे 10 पट मोठं दाखवणाऱ्या, 50 मिलिमीटर भिंगांच्या बायनॉक्युलरमधूनही गुरूचे चंद्र आणि कृत्तिका सुंदर दिसतात. कॅमेरावाल्यांनी फोर्टात बोरा बाजारला सेकंडहँड लेन्स आधी हातात घेऊन बघावी. आणि परत एकदा, पैसे वेगळे, आधी, आणि सांगून.

त्यानंतर आईने डब्यातले अर्धे पैसे मारुतीला वाहिले आणि अर्धे मला दिले. ते आणि पासाच्या पाकिटातले मिळून 9 मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, आला. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये तिला त्यातून परत शनी दाखवला, तेव्हा कडी सुरीच्या पात्याएवढी बारीक झाली होती, तिला वाटलं काहीतरी बिघडलं. तिला सांगितलं, ती आपल्याकडे कड करून उभी आहेत, 2032 च्या सुमाराला परत पूर्ण उघडतील. ती म्हणाली, मग वहीत लिहून ठेव.