घट कोणाच्या खात्यावर?

खानदेशात दिवाळीच्या सुमारास मका बाजार समित्यांच्या आवारात येऊ लागला की भाव उतरतात. ज्याला चार महिने थांबणे परवडते तो शेतकरी माल वखारीत ठेवतो आणि पावती तारण देऊन कर्ज उचलतो. २००७ च्या वखार कायद्याने अशा पावतीला हस्तांतरणीय दस्ताचा दर्जा दिला आणि २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक रूपातही निघू लागली. एकच माल दोन बँकांकडे तारण पडू नये, यासाठी आता वखार, बँक आणि विमा कंपनी यांची सामाईक नोंदवही ब्लॉकचेनवर, म्हणजे सर्वांकडे सारखी प्रत असलेल्या संगणकीय नोंदींच्या साखळीवर, मांडण्याचे प्रकल्प हाती घेतले जात आहेत. ही वही परवानगी असलेल्यांपुरतीच खुली असते. बिटकॉइनशी तिचा संबंध नाही, हे बँकेच्या संचालकांना पहिल्याच बैठकीत सांगून टाकलेले बरे.

अशा प्रकल्पात बिझनेस ॲनालिस्टने कोड लिहायचा नसतो. चालू व्यवहार पाहून तो प्रणालीत कसा उतरावा याचा मसुदा करायचा असतो, आणि त्यासाठी वजनकाट्यापाशी उभे राहावे लागते. तेथे पोत्यात टोकदार नळी खुपसून काढलेले मूठभर दाणे ओलावामापकात टाकतात आणि आकडा १४ टक्क्यांच्या आत असला की माल आत घेतात. १४ टक्के ओलाव्याचा मका वखारीत वाळून १२ टक्क्यांवर आला, तर १०० क्विंटलचे साधारण ९७.७ क्विंटल उरतात, आणि त्यात एक दाणाही चोरीला गेलेला नसतो. कागदी वहीत गोदामपाल ही घट लाल शाईने दुरुस्त करून मोकळा होई. ब्लॉकचेनवर आधीची नोंद खोडता येत नाही. म्हणून घटीची नवी नोंद कोणी करायची, तिला बँकेची संमती हवी की नको आणि तोवर कर्जाची मर्यादा कोणत्या वजनावर धरायची, हे आधीच लेखी ठरवावे लागते. हा निर्णय प्रोग्रॅमरवर सोडला, तर तो त्याला सोपा वाटेल तसा घेतला जातो.

शेतकऱ्याचे नाव, आधार क्रमांक आणि सातबारा साखळीबाहेर ठेवतात, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क व्यक्तीला दिला आहे. साखळीवर जातो तो त्या कागदांवरून काढलेला ६४ अक्षरी हॅश, म्हणजे कागदात काही बदलले की बदलणारी संगणकीय खूण.

थप्पीतल्या पोत्यांत मका आहे की भुसा, हे मात्र साखळीला कळत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष तपासणी कोण करणार आणि किती दिवसांनी, हे कलम मसुद्यात घालावेच लागते, आणि तपासणीची तारीख उलटली तर त्या पावतीवर नवी उचल आपोआप थांबावी, अशी अट स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ठरलेल्या अटी स्वतःच अमलात आणणाऱ्या साखळीवरच्या प्रोग्रॅममध्ये, बसवावी लागते.