शार्क आणि पाकट: लिटर नंतर, आधी तळ मोजा

शार्क घरी पाळायचा विचार आला की लोक विचारतात, किती लिटरचा टँक घेऊ? आधी तळाचं माप बघा. घरी पाळले जाणारे बहुतेक शार्क तळाशी राहतात. त्यांना टँकच्या उंचीचा फारसा उपयोग नसतो, वळायला जागा लागते.

तपकिरी पट्ट्यांचा बांबू शार्क घ्या. त्याचं अंडंच विकत मिळतं, म्हणून हौशी लोकांकडे तो सहज पोहोचतो. पिल्लू बाहेर येतं तेव्हा जेमतेम 15 सेंटिमीटरचं असतं आणि वाढून मीटरभर होतं. किमान हिशेब असा धरा: टँकची लांबी पूर्ण वाढलेल्या माशाच्या तिप्पट, रुंदी दीडपट. म्हणजे 3 मीटर लांब, 1.5 मीटर रुंद. पाणी 60 सेंटिमीटरच भरलं तरी 2,700 लिटर झालं, आणि वजन पावणेतीन टनांच्या घरात. घरातला ‘मोठा’ टँक साधारण 1.8 मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद असतो. त्यात हा मासा सरळ पडून राहील, पण प्रत्येक वळणाला त्याचं नाक काचेवर घासेल, आणि ती जखम चिघळते. हा तर त्यातल्या त्यात सोपा शार्क!

नर्स शार्क जन्मतः 30 सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि अडीच-तीन मीटरपर्यंत जातो. त्याबद्दल चर्चाच नको. ब्लॅकटिप रीफ शार्क दीड मीटरच्या आसपास थांबतो, पण त्याची अडचण वेगळी आहे. तळावर बसणारे शार्क तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतात. ब्लॅकटिपला कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवायला पोहत राहावं लागतं. शेपटीचे दोन-चार फटकारे आणि मग सरळ पुढे सरकत जाणं, ही त्याची चाल. लहान टँकमध्ये सरकायला अंतरच मिळत नाही. मासा सतत वळत राहतो आणि दमून मरतो.

लेपर्ड शार्क आणि हॉर्न शार्क कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यातले. प्रवाळांच्या 25-26 अंशांच्या टँकमध्ये त्यांची ऑक्सिजनची गरज वाढते आणि पाण्यातला ऑक्सिजन मात्र कमी असतो.

पाकटांमध्ये, म्हणजे शार्कच्या नात्यातल्या चपट्या माशांमध्ये, सर्वांत जास्त फसवतो तो निळ्या ठिपक्यांचा रिबनटेल. अंगाची चकती जेमतेम 35 सेंटिमीटर, रंग देखणा, म्हणून तो घरात मावेलसा वाटतो. पण पकडून आणलेले कितीतरी रिबनटेल अन्नाला तोंडच लावत नाहीत. पाकटाचं पोट मऊ असतं. खडबडीत खडीवर ते सोलवटतं आणि तिथून जंतुसंसर्ग सुरू होतो. बारीक वाळूच हवी. उघडा हीटर असेल तर पाकट त्याला चिकटून बसतं आणि भाजतं, म्हणून हीटर फिल्टरच्या वेगळ्या टाकीत ठेवायचा. शेपटीच्या काट्यात विष असतं, हेही घरात मुलं असतील तर आधी बघायला हवं.

आता पाणी. अंगावर पांढरे ठिपके दिसले की साध्या समुद्री माशांना तांब्याचं औषध देतात. शार्क-पाकटांना ते सोसत नाही. क्षार कमी करून उपचार करायचा मार्गही बंद, कारण त्यांच्या रक्तात युरिया साठवलेला असतो आणि खारेपणा झपाट्याने उतरला की शरीरातला तोल बिघडतो. भरपूर मांसाहारामुळे पाण्यात नायट्रेट (माशांच्या घाणीतून तयार होणारं द्रव्य) चढत जातं. चढलेलं नायट्रेट आयोडीन शरीरात जाऊ देत नाही, आणि मग जबड्याखाली गाठ येते: गलगंड. पाणी स्वच्छ ठेवायला ओझोन वापरत असाल तर धोका आणखी वाढतो, कारण तो पाण्यातल्या आयोडाइडचं, म्हणजे शरीराला वापरता येणाऱ्या आयोडीनचं, रूप बदलतो. पंपातून पाण्यात गळणारी वीजही शार्क-पाकटांना जाणवते. नाकाडावरची छिद्रं सूक्ष्म विद्युतक्षेत्र ओळखायलाच असतात. अशा टँकमध्ये शार्क अस्वस्थ होतो, खाणं सोडतो.

तरीही कुणाला पाळायचाच असेल तर कोरल कॅटशार्क बघा. तो 70 सेंटिमीटरच्या आसपास राहतो. वरच्याच हिशेबाने 2.1 मीटर लांब, 1.05 मीटर रुंद टँक, सुमारे 1,300 लिटर पाणी. दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर बसवा. शार्क खाली उकरतो आणि ढीग त्याच्याच अंगावर येतो. ट्रिगरफिश सोबत नको, तो पंख कुरतडतो. झाकण घट्ट लावा. हे सगळं चालू होऊन पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट (माशांना विषारी द्रव्यं) सलग शून्यावर राहिले, की मगच अंड्याचा विचार करा.