चुना, शिसं आणि काळा पाषाण : पुण्यातली जुनी चर्चेस

(दृश्य : नाना पेठ, क्वार्टर गेट. सकाळची रहदारी.)

पेशव्यांच्या राजधानीत पहिलं चर्च इंग्रजांनी बांधलेलं नाही. साल १७९२. शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशवे. त्यांच्या फौजेत पोर्तुगीज वळणाचे ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार होते. त्यांच्यापैकी दों मिगेल द नोरोन्या यांच्या काळात पेशव्यांनी चर्चसाठी जागा दिली. तेच हे सिटी चर्च. कागदोपत्री नाव मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचं, पण रिक्षावाल्याला ‘सिटी चर्च’ एवढं सांगितलं की पुरतं. आज दिसते ती इमारत पुढच्या शतकातली आहे. जागा मात्र तीच.

(दृश्य : लष्कर भाग. सेंट मेरीज चर्च.)

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्यानंतर सात वर्षांनी, १८२५ साली, कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांच्या हस्ते सेंट मेरीजचं अर्पण झालं. हे पलटणींचं चर्च. इथे नक्षीपेक्षा भिंतींवरच्या पाट्या वाचाव्यात. नाव, पलटण, वय. बऱ्याच पाट्यांवरचं वय पाहिलं की लढाईपेक्षा तापानं आणि पटकीनं किती माणसं नेली असतील, याचा अंदाज येतो.

या पाट्या दोन प्रकारांनी खराब होतात. संगमरवरी पाटी भिंतीत लोखंडी आकड्यांवर बसवलेली असते. ओल आली की आकडा गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि पाटीचा कोपरा आतून फोडतो. आकडा काढून स्टेनलेस स्टीलचा घालणं हाच इलाज. नुसता तडा बुजवला तर दोन पावसाळ्यांत शेजारी दुसरा दिसतो. पितळी पाटीचा शत्रू वेगळा : उत्साही सफाई. कोरलेल्या अक्षरांत काळा भराव असतो. दर सणाला चिंच लावून घासलं की भराव निघून जातो, मग कडा झिजतात, आणि शेवटी पाटी लखलखीत पण कोरी!

(दृश्य : पुणे स्टेशनच्या बाजूला सेंट पॉल्स. दगडी भिंतीवरून कॅमेरा हळूहळू वर.)

सेंट पॉल्सचं काम १८६३ ला सुरू झालं आणि १८६७ ला अर्पण झालं. नमुना घेतला पॅरिसच्या सेंत शापेलचा. तेराव्या शतकातल्या त्या फ्रेंच राजाच्या खासगी चर्चमध्ये भिंत जवळजवळ नाहीच. दगडाचे सडपातळ खांब आणि मधे सुमारे पंधरा मीटर उंच रंगीत काच. तो नमुना दख्खनच्या उन्हात तसाच उभा केला असता तर आत भट्टी झाली असती. इथे भिंत जास्त आणि काच कमी आहे. नक्कल म्हणून नाकं मुरडणारे ही गोष्ट विसरतात.

भिंत आपल्या काळ्या पाषाणाची. हा दगड इतका घट्ट की पाणी त्याच्यातून फारसं जात नाही. ये-जा करतं ते दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून. म्हणून जुन्या गवंड्यांनी दरजा चुन्यात भरल्या. चुना ओल घेतो आणि उन्हाळ्यात सोडतो. गेल्या काही दशकांत अशा असंख्य जुन्या इमारतींच्या दरजा सिमेंटनं भरल्या गेल्या. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. अडकलेलं पाणी आतल्या बाजूला येतं, सोबत क्षार आणतं. भिंतीवर पांढरी भुकटी आणि पोपडे दिसले की आधी बाहेरची दरज पाहावी, आतला रंग नंतर.

दुरुस्ती सोपी आहे, फक्त सावकाश. सिमेंट हातोडी-छिन्नीनं काढायचं. ग्राइंडर लावला की दगडाची कड गेलीच म्हणून समजा. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी करायची, म्हणजे साधारण २० ते २५ मिलिमीटर. धूळ झाडायची, पाणी मारायचं. मुरलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू अडीच ते तीन भाग, आणि पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीला वाळूतला काही हिस्सा विटांच्या सुरखीचा. हे मिश्रण थराथरानं दाबून भरायचं, एका दमात नाही. वर आठवडाभर ओलं गोणपाट. हे काम मे महिन्यात काढू नये : चुना पक्का होण्याआधीच सुकतो आणि बोट फिरवलं तर वाळू होऊन हातात येतो. दिवाळीनंतरचे तीन महिने उत्तम.

(दृश्य : आतून खिडकी. काचेचा एक तुकडा, त्याभोवती शिशाची काळी रेघ.)

आता रंगीत काच. जवळ जाऊन पाहिलं की चित्र तुकड्यांचं असल्याचं दिसतं. निळा, लाल हे रंग काचेच्या अंगातलेच, वितळतानाच मिसळलेले. चेहऱ्याच्या रेषा, बोटं, वस्त्राच्या चुण्या मात्र वरून रंगवलेल्या असतात : लोहभस्म आणि काचेची पूड कालवून, मग भट्टीत भाजून. केसांचा आणि प्रभामंडलाचा पिवळा बहुधा चांदीच्या क्षाराचा. तो काचेच्या मागच्या बाजूला लावतात आणि भाजताना तो काचेतच मुरतो.

तुकडे धरून ठेवते ती शिशाची पट्टी, आडव्या छेदात इंग्रजी एच अक्षरासारखी. शिसं मऊ असतं. वर्षानुवर्षं स्वतःच्या वजनानं ते खाली बसत जातं, पश्चिमेच्या उन्हात जरा जास्तच, आणि खिडकीला पोट येतं. ते पोट रोखायला मागे आडव्या सळ्या असतात आणि तांब्याच्या तारांनी काच त्यांना बांधलेली असते. खिडकीची तपासणी करताना आधी या तारा बघाव्यात. तार तुटलेली, डाख (सांध्यावरचा धातूचा जोड) उघडा पडलेला, आणि तळहातानं हलकं दाबलं तर काच खुळखुळते, एवढं दिसलं की पुढच्या वादळी पावसाआधी काम काढायला हवं.

काम असं चालतं. खिडकीचे फोटो. कागद ठेवून मेणकांडीनं शिशाच्या रेघांचा ठसा. प्रत्येक तुकड्याला नंबर. मग पट्ट्या कापून काच मोकळी करायची आणि ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवलेल्या कापसानं पुसायची; रंग सुटत असलेल्या बाजूला कापूससुद्धा लावायचा नाही. नवी पट्टी वापरण्याआधी ताणून घ्यावी लागते, नाहीतर ती खिडकीत बसल्यावर ताणली जाते. सांध्यांना डाख द्यायचा, मग खडूची पूड, जवसाचं तेल आणि काजळी यांची पातळ लुकण पट्टीच्या खाली ब्रशनं घुसवायची. हे शेवटचं काम टाळलं तर खिडकी दिसते सुंदर आणि पहिल्या सरीला गळते.

बाहेरून प्लॅस्टिकचा पारदर्शक पत्रा ठोकणं हा हल्लीचा आवडता उपाय. वर-खाली हवेला फट ठेवली नाही तर मधे उष्णता कोंडते, पावसाळ्यात बाष्प साचतं, आणि वाचवायला निघालेलं शिसं लवकर जातं.

(दृश्य : गुरुवार पेठ. पंचहौद. उंच मनोरा.)

पवित्र नाम देवालय, १८८५. इथली उपासना मराठीत चालते. ज्या पंचहौद मिशनातल्या चहानं १८९० मध्ये टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढलं, ते हेच आवार.

मनोरा चर्चला न चिकटता स्वतंत्र उभा आहे आणि त्यात आठ घंटा आहेत, इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या. इंग्रजी पद्धतीत अशी घंटा नुसती हलत नाही. ती मोठ्या चाकाला बसवलेली असते. दोर ओढला की तोंड वर झालेल्या अवस्थेतून जवळजवळ पूर्ण वर्तुळ फिरून पुन्हा वर येते. दर फेरीला आठ घंटांचा क्रम बदलत जातो. एकदाही क्रम न दोहरवता ४०,३२० फेऱ्या होऊ शकतात. अशा प्रत्येक झोक्याला मनोऱ्यावर आडवा जोर येतो, त्यामुळे चौकटीचे बोल्ट वरचेवर घट्ट करावे लागतात आणि भिंतीतले तुळयांचे शेवट वाळवीसाठी तपासावे लागतात.

वाजवणारी माणसं कमी झाली की एक सोपी युक्ती सुचते : दोर थेट घंटेच्या आतल्या लोलकाला बांधायचा आणि घंटा स्थिर ठेवून लोलक ओढायचा. त्यात लोलक घंटेला टेकूनच राहतो, धातूला मोकळं थरथरता येत नाही, आणि तडा जातो. गावातल्या वेल्डरकडून तो सांधू नये. काशाची घंटा आधी सबंध, सावकाश तापवून मगच जोडावी लागते, आणि ते जगात मोजकेच कारखाने करतात.