आधी ढाळ, मग शीट

विषय ठरलाय ‘कमी उताराचं छत: साहित्य आणि कारागीर’. साहित्याकडे येणार आहेच, पण आधी ढाळाबद्दल बोलू द्या.

एका घरी गळती बघायला गेलो होतो. झोपायच्या खोलीत, पंख्याच्या शेजारी ओल. घरमालक दर उन्हाळ्यात गच्चीवर त्याच जागी नवा लेप मारून घ्यायचे. लेपावर लेप चढले, ओल जागची हलली नाही. मी वर जाऊन बादलीभर पाणी ओतलं. ते पाइपाच्या तोंडाकडे न जाता उलटं मागच्या कठड्याशी जाऊन थांबलं! तिथे पाणी अडवणारी शीट भिंतीवर जेमतेम चार बोटं चढवलेली, वरची कड उघडी, नखाने उचलली तरी सुटत होती. पाणी तिथून आत शिरायचं, शीटखालून सरकत पंख्याच्या वायरिंगच्या नळीपाशी यायचं आणि खोलीत टपकायचं. समोर बऱ्याच माना हलताहेत, म्हणजे अनुभव ओळखीचा आहे. तोवर येऊन गेलेल्या एकाही कारागिराने पाणी ओतून बघितलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

असं छत बहुधा मधोमध दगा देत नाही. ते कठड्याशी, पाइपाभोवती, पाणी जायच्या तोंडाशी आणि सांध्यांवर गळतं. म्हणून फुटाला पाव इंच ढाळ हवा, शीट कठड्यावर साधारण ८ इंच चढलेली हवी आणि तिची कड पट्टीने दाबून बंद केलेली हवी. पाऊस थांबून ४८ तास झाले तरी डबकं राहत असेल, तर आधी ढाळ दुरुस्त करा.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा साहित्य भराभर सांगतो. डांबरी मेंब्रेन, म्हणजे डांबराची शीट, दुरुस्तीला सोपं, पण ते बर्नरने चिकटवतात. लाकडी छतावर आगीचा धोका. ईपीडीएम या कृत्रिम रबराचे मोठे ताव मिळतात, सांधे कमी येतात. मात्र तेल सोसत नाही आणि काळं असेल तर तापतं. टीपीओ आणि पीव्हीसी या प्लास्टिकच्या शीटचे सांधे गरम हवेने वितळून एकजीव होतात, पांढरा रंग ऊन परतवतो; पीव्हीसी जुन्या डांबरावर थेट टाकू नका, मधे वेगळा थर हवा. पाइपांची गर्दी असेल तिथे पॉलियुरेथेनचा लेप बरा, फक्त त्याची जाडी लेखी घ्या. उतार १२ ला २ पेक्षा, म्हणजे १२ फूट अंतरात २ फुटांपेक्षा, कमी असेल तर शिंगल, म्हणजे एकावर एक चढवून बसवायचे छोटे तुकडे, नकोच.

कारागीर निवडताना विचारा: यातलं कोणतं काम तुम्ही रोज करता? सांधा गार झाल्यावर टोकदार हत्याराने तपासून दाखवाल का? मालाची आणि मजुरीची हमी वेगवेगळी लिहून घ्या. काँक्रीटच्या स्लॅबवर शेवटचे पैसे पाणी कोंडून चाचणी झाल्यावरच द्या. त्याआधी स्लॅब वजन पेलेल का, हे इंजिनिअरला विचारा. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो होतात.