चर खणणारी गावं

[दृश्य: ड्रोनमधून कुरणं आणि दगडी बांध. खाली नदी.]

इंग्लंडचा हा वायव्य कोपरा. लँकेशर परगणा. खालून वळणं घेत चाललीय ती लून नदी. दोन्ही अंगांना कुरणं, कुरणांत मेंढ्या, आणि प्रत्येक कुरणाभोवती हे दगडी बांध. यांत सिमेंट नाही, चुना नाही, नुसते दगडावर दगड रचलेत. आता घरं बघा. एक इथं, दुसरं पार त्या टेकडीमागं.

अशा घरांपर्यंत टेलिफोनची तांब्याची तार एक्स्चेंजपासून कित्येक किलोमीटर चालत यायची. बोलण्यापुरती ती ठीक होती. इंटरनेटला मात्र ती पुरत नाही, कारण तांब्यात सिग्नल जितका लांब जाईल तितका विरत जातो. 2012 संपताना ब्रिटनमधला सरासरी वेग सेकंदाला 12 मेगाबिटवर पोहोचला होता. इथल्या शेतघरांत त्याच सुमाराला एखादा मेगाबिट मिळाला तरी चालून जायचं. वेग कमी म्हणून बिल कमी, असं मात्र कधी झालं नाही.

मोठ्या कंपन्यांचा हिशेब सरळ होता. इतकं खणायचं आणि त्या टोकाला ग्राहक किती, तर चार. म्हणून त्या आल्या नाहीत.

[दृश्य: रे गावातला रस्ता. घरांसमोर बुजगावणी.]

हे रे गाव. दारांपुढं उभी आहेत ती बुजगावणी. दर वसंतात इथं त्यांचा उत्सव भरतो आणि दूरदूरचे लोक बघायला येतात. आपली गोष्ट याच गावातली.

लँकेस्टर विद्यापीठानं या भागात बिनतारी इंटरनेटचा एक प्रयोग केला होता. मास्ट, म्हणजे सिग्नल पाठवणारा उंच खांब, उभा केला, तिथून घरांना सिग्नल मिळायचा. मग मास्ट आणि एका शेतघराच्या मध्ये असलेली झाडं वाढली. पानं दाट झाली, सिग्नल अडला. शेजारच्या शेतावर राहणाऱ्या क्रिस कॉन्डर यांनी एक किलोमीटर फायबरची तार, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी काचेची बारीक तार, विकत घेतली, ट्रॅक्टर काढला आणि शेतातून चर खणून ती तार पुरली. पलीकडच्या घरात इंटरनेट सुरू झालं.

तार पुरायला फार मोठं शास्त्र लागत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

विद्यापीठात नेटवर्कचं काम केलेले बॅरी फोर्ड पुढं आले. आराखडा त्यांचा, रेटा कॉन्डर यांचा. 2011 मध्ये आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून संस्था नोंदवली, ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ. लिहिताना B4RN, तोंडात बसलेलं नाव बार्न. नोंदणी लोकहिताची सहकारी संस्था म्हणून. शेअर एका पौंडाचा, किमान 100 घ्यायचे, कमाल 20,000. पण मत प्रत्येकाला एकच. वीस हजार पौंड घातलेल्यालाही एक आणि शंभर घातलेल्यालाही एक. नफ्यासाठी ही संस्था कुणाला विकता येत नाही. या चित्रफितीत एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल: हे जाळं या गावांच्या मालकीचं आहे.

[दृश्य: सभागृहातल्या टेबलावर पसरलेले नकाशे. बोटं रेघा ओढताहेत.]

खणण्याच्या आधीचं काम हे. खरं जिकिरीचं काम हेच.

फायबरची काच महाग नसते. खर्च असतो खणण्याचा, आणि त्यातही डांबरी रस्ता खणण्याचा. रस्ता फोडायचा, वाहतूक अडवायची, परवाने काढायचे, पुन्हा डांबर घालायचं. म्हणून बार्नची रेघ रस्ता टाळते आणि शेतांतून जाते. पण शेत कुणाचं तरी असतं. नकाशावरची एक रेघ वीस-वीस मालकांच्या कुरणांतून जाते, आणि त्यातला प्रत्येक जण हो म्हणाला तरच पुढं सरकते. एकानं नकार दिला, तर रेघ पुसून वळसा घालायचा. वळसा म्हणजे आणखी चर, आणखी नळी.

मालकांना या वाटेचे पैसे मिळत नाहीत. दुसऱ्या कंपनीनं खांब किंवा तार टाकली तर भाडं द्यावं लागतं. इथं मालक तीच वाट फुकट देतात. या सह्या बघा. मला विचाराल तर हे सगळं जाळं या सह्यांवर उभं आहे.

[दृश्य: मोल नांगर. ट्रॅक्टरमागं नळीचं भेंडोळं उलगडतंय. आवाज राहू द्यावा.]

हा मोल नांगर. आपल्याकडं सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड जमिनीत पाण्याचा निचरा करायला वापरतात, त्याच जातीचा. उभं, अरुंद पातं जमीन चिरत जातं. पात्यामागून प्लास्टिकची नळी आत उतरते. मागून चाक फिरलं की गवत पुन्हा मिटतं. थोड्याच दिवसांत कुठून नळी गेली ते मेंढीलाही कळत नाही. नळी नांगराचा फाळ पोहोचणार नाही इतकी खोल घालतात.

चालवणारी ही माणसं कंत्राटदाराची नाहीत, याच गावची आहेत. आपल्याकडं भातलावणीला सावड करतात ना, तसं चाललंय. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. सुरुवातीच्या काळात ज्यानं स्वतः चर खणला त्याला मीटरमागं दीड पौंड मिळायचे. ते रोख न घेता त्याचे शेअरही घेता यायचे. म्हणजे अंगमेहनतीचं भांडवल झालं. ज्यांना खणणं झेपत नाही ते नकाशे सांभाळतात, दारोदार फिरून नावं नोंदवतात, चरावरच्या लोकांसाठी चहा आणि केक घेऊन येतात.

2012 मध्ये क्वॉर्मर या गावच्या बाजूनं खणायला सुरुवात झाली. ठरलं होतं असं की लोकवस्तीचं गाव आणि आडबाजूचं शेतघर, दोघांनाही तार द्यायची. परवडणारी तेवढी घरं निवडून बाकीची सोडायची नाहीत.

[दृश्य: दगडी बांध. हातांनी दगड काढले जाताहेत.]

इथं नांगर चालत नाही. दगड हातानं उतरवायचे, ओळीनं मांडून ठेवायचे, खालून नळी सरकवायची आणि बांध होता तसा रचायचा. रचणारा जाणता असावा लागतो. दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत गुंतले नाहीत तर हिवाळ्यात बांध पोट काढतो. म्हणून दगड उतरवायला चार जण असतात, आणि रचायला एक म्हातारा. बघा, तो एकही दगड दोनदा उचलत नाही.

जमिनीत खडक लागला तर छोटा जेसीबी. ओढा लागला तर पुलाच्या कडेनं.

[दृश्य: कंप्रेसर. नळीच्या तोंडाशी फायबर आत खेचलं जातंय.]

आतापर्यंत पुरली ती रिकामी नळी. तिच्यात आता फायबर भरायचं. ढकललं तर ते वाकतं, ओढलं तर ताण येतो. म्हणून ते हवेनं फुंकतात. कंप्रेसर नळीत दाबाची हवा सोडतो, तार त्या हवेवर तरंगत आत जाते. कुठं नळी दबली असेल, चिखल शिरला असेल, तर तार तिथं अडते. मग मीटर मोजून तेवढ्याच जागी कुदळ.

[दृश्य: तंबूत जोडणी. यंत्राच्या पडद्यावर दोन काचेच्या तारा.]

हा तंबू पावसासाठी आणि धुळीसाठी. आत काचेची जोडणी चाललीय. एका तारेची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग. वरचं आवरण सोलायचं, अल्कोहोलनं पुसायचं, टोक सरळ कापायचं. मग दोन्ही टोकं यंत्रात ठेवायची. यंत्र ती समोरासमोर आणतं, विजेची ठिणगी पडते, काच वितळून एकजीव होते. पडद्यावर दिसतंय ते हेच. वरून बारीक नळी चढवून ती तापवतात, म्हणजे जोड पक्का होतो.

गावातल्या स्वयंसेवकांपैकीच काहींनी हे शिकून घेतलं. ज्यांनी आयुष्यभर कुंपणाची तार ओढली, तेच हात आता काच जोडताहेत.

इथं आणखी एक गोष्ट आहे, ती कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणून सांगतो. बार्नच्या जाळ्यात प्रत्येक घराची तार, गावातल्या सगळ्या तारा जिथं एकत्र येतात त्या पेटीपर्यंत स्वतंत्र जाते. शेजाऱ्याशी वाटून घ्यावी लागत नाही. संध्याकाळी सगळं गाव एकदम सिनेमा बघायला बसलं तरी घरापासून पेटीपर्यंतची वाट तुमची एकट्याची.

[दृश्य: घराची भिंत. ड्रिल. आतून टोक बाहेर येतं. राउटरचे दिवे.]

भिंतीतून टोक आत आलं. वेग सेकंदाला 1,000 मेगाबिट, येताना आणि जातानाही. सुरुवातीला जोडणीचे 150 पौंड आणि महिन्याचे 30 पौंड होते. नंतर दर थोडा वाढला.

[दृश्य: घरातल्या बाई पडद्याकडे बघताहेत. निवेदन नको. दहा सेकंद.]

मुलांच्या शाळा, घरून नोकरी, शेताचे सरकारी अर्ज, 2020 ची टाळेबंदी, सगळं यावर चाललं.

[दृश्य: मेलिंग. संस्थेचं कार्यालय. भिंतीवर मोठा नकाशा.]

हे मेलिंगमधलं कार्यालय. जोडणी मिळालेली घरं आता दहा हजारांच्या वर गेलीत. जाळं लँकेशर ओलांडून कंब्रिया आणि यॉर्कशर डेल्सपर्यंत पोहोचलंय. 2015 मध्ये कॉन्डर आणि फोर्ड या दोघांनाही एमबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

मार्च 2020 पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक घराला किमान 10 मेगाबिट वेग मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्यासाठीचा खर्च 3,400 पौंडांच्या आत असेल तर तो कंपनीनं करायचा. त्यावर गेला तर वरची रक्कम घरमालकाची. आणि 3,400 च्या वर जातात ती घरं नेमकी अशीच, टेकडीमागची. कायद्यानं 10 मेगाबिटचा हक्क दिला, त्याच्या कित्येक वर्षं आधी या गावांनी 1,000 मेगाबिट जमिनीत पुरले होते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सरकारी अनुदानाचे नियम बदलत गेले, काही गावांचं काम त्यामुळं लांबलं.

[दृश्य: गावातली पेटी उघडी. ओळीनं तारा.]

या पेटीतल्या एका ओळीकडं बघा. या घरांनी पुढं 10 गिगाबिटची जोडणी मागितली. म्हणजे आधीच्या दहापट वेग. त्यासाठी शेतात कुणी पाऊल टाकलं नाही, एक दगड हलला नाही. काच जुनीच. पेटीतलं यंत्र बदललं आणि घरातलं यंत्र बदललं. उद्या शंभरपट वेग लागला तरी चर पुन्हा खणावा लागणार नाही.